एका गावाची किती गावे?

नागरिकशास्त्राचा एक पाठ आपण सगळेच जवळजवळ एकसारखा शिकवतो. फळ्यावर एक लहान वर्तुळ काढायचे आणि आत लिहायचे 'गाव'. त्याच्याभोवती थोडे मोठे वर्तुळ, त्यात 'तालुका'. मग 'जिल्हा', 'राज्य' आणि 'देश'. एकात एक बसवलेल्या डब्यांसारखी ही रचना मुलांना चटकन समजते आणि परीक्षेत विचारायलाही सोयीची असते. अडचण येते ती एखादे खरे गाव या डब्यांत घालून पाहिले की.

रहिमतपूरच घेऊ. सातारा जिल्ह्यात कमंडलू नदीकाठी वसलेले हे बाजाराचे जुने गाव आहे. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याचे स्मारक येथे आहे. तालुका कोरेगाव, म्हणजे जमिनीच्या कामाला तहसील कचेरी कोरेगावला. पण आमदार निवडायचा झाला की रहिमतपूरकर 'कराड उत्तर' मतदारसंघात मत देतात. पोलीस ठाणे रहिमतपूरचे स्वतःचे, आणि आसपासची पुष्कळ खेडी त्याच्या हद्दीत. या खेड्यांतले लोक जिल्हा परिषदेचा सदस्य निवडतात, रहिमतपूरमधले लोक मात्र निवडत नाहीत, कारण त्यांना नगरपरिषद आहे. आता ही सारी वर्तुळे एकात एक कशी काढणार? ती एकमेकांना छेदतात.

हा घोळ कुणाच्या निष्काळजीपणाने झालेला नाही. प्रत्येक रेषा वेगळ्या कामासाठी, वेगळ्या काळी, वेगळ्या मोजमापाने आखलेली आहे. कोणती रेषा कशासाठी हे माहीत नसेल तर मात्र नुकसान आपले होते. कोणाचे पीक बुडाले असे मानायचे, कोणत्या वाडीला रस्ता द्यायचा, शाळा किती अंतरावर हवी, हे सगळे यांपैकी कोणत्या ना कोणत्या रेषेवर ठरत असते.

पांढरी आणि काळी

'गाव म्हणजे काय?' असे मुलांना विचारले तर ती घरे, देऊळ, पार, शाळा, स्टँड असे काहीतरी सांगतील. महसूल खात्याला विचाराल तर ते जमीन दाखवील. आपल्या जुन्या व्यवहारात हा फरक दोन सुरेख शब्दांनी सांगितलेला आहे. वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. मातीच्या भिंती पडून, चुलीची राख आणि शेण मिसळून शेकडो वर्षांत वस्तीची माती पांढुरकी होते. जुन्या गावठाणाच्या कडेला खणले तर मुलांना ती प्रत्यक्ष दाखवता येते. पांढरी, काळी, गायरान, ओढे, सगळे मिळून शिवेच्या आत जे येते ते महसुली गाव.

म्हणून एकही घर नसलेले महसुली गाव असू शकते. अशा गावाला आपल्याकडे 'बेचिराख' म्हणतात. या शब्दात राख नाही. फारसीत 'चिराग' म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही ते बेचिराख. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील महसुली गावांची संख्या ४३ हजार सहाशेच्या वर होती. त्यांपैकी अडीच हजारांहून अधिक गावांत वस्तीच नव्हती. धरणाखाली गेलेली, साथीत किंवा दुष्काळात उठून गेलेली, जंगलात शिरलेली अशी ही गावे कागदावर अजून आहेत, कारण त्यांची जमीन आहे.

याच्या उलट प्रकार वाडीचा. एका महसुली गावात एक गावठाण आणि चार-पाच वाड्या असणे सातारा जिल्ह्यात अगदी नेहमीचे. पाटण आणि जावळीच्या डोंगरात तर गाव म्हणजे वाड्यांची माळच असते. वाडीला नाव असते, देव असतो, जत्रा असते, पुष्कळदा शाळाही असते. पण ती स्वतंत्र महसुली गाव नसेल, तर जनगणनेच्या गाववार यादीत तिचे नाव सापडत नाही. तिथली माणसे मूळ गावाच्या आकड्यात मोजलेली असतात. माणसे आहेत, पण 'गाव' नाही.

तिसरी गोष्ट ग्रामपंचायत. महाराष्ट्रात ग्रामपंचायती २८ हजारांच्या आसपास आहेत आणि महसुली गावे त्यांच्या दीडपट. तेव्हा दर गावाला एक ग्रामपंचायत हे गणित जुळणारच नाही. दोन-चार लहान गावे मिळून जी होते ती ग्रुप ग्रामपंचायत. थोडक्यात, वस्ती, महसुली गाव आणि ग्रामपंचायत या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि बोलताना आपण तिन्हींना 'गाव' म्हणतो. निम्मा गोंधळ इथेच आहे.

नावांतही याच्या खुणा राहिल्या आहेत. बाजारपेठ असलेले ते 'कसबे', नुसते शेतीचे ते 'मौजे'. सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज अशी दोन्ही गावे आजही आहेत. मोठे ते बुद्रुक, धाकटे ते खुर्द. रहिमतपूरच्या परिसरातले न्हावी बुद्रुक हे त्यातलेच. साताऱ्याला लागून असलेल्या 'करंजे तर्फ सातारा' या नावात 'तर्फ' हा जुना विभाग अजून शिल्लक आहे, विभाग मात्र केव्हाच गेला. आणि एकाच नावाची गावे ओळखायची कशी? कोरेगाव तालुक्यात एक वाठार रेल्वेमुळे 'वाठार स्टेशन' झाले, दुसरे शेजारच्या गावावरून 'वाठार किरोली', आणि फलटणकडचे 'वाठार निंबाळकर'. गावच्या नावाचे दुसरे पद म्हणजे पुष्कळदा एक लहानसा पत्ता असतो.

सजा, मंडल, तालुका

महसुलाची शिडी तेवढी खरोखर एकात एक बसणारी आहे. काही गावे मिळून सजा, तो तलाठ्याचा. (२०२४ पासून तलाठ्याचे सरकारी नाव 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, गावात त्याला कोण काय म्हणते ते सांगायला नको.) काही सजे मिळून मंडल, त्यावर मंडल अधिकारी. मंडले मिळून तालुका, तालुके मिळून उपविभाग म्हणजे आपला 'प्रांत', मग जिल्हा आणि त्यावर विभागीय आयुक्त. पुणे विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. सातारा जिल्ह्यात अकरा तालुके. ही शिडी जमिनीच्या मोजणीवर उभी आहे. तेहतीस फुटांची साखळी, तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे ते माप. सातबारा हे नावही याच दप्तरातले. गाव नमुना ७ हा हक्काचा आणि गाव नमुना १२ हा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सात-बारा.

या शिडीवर रहिमतपूर कोठे बसते ते पाहण्यासारखे आहे. १८५० साली इंग्रज सरकारने शहरांना नगरपालिका स्थापण्याची मुभा देणारा कायदा केला. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले होते. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५३ साली, रहिमतपूरला नगरपालिका आली. तालुक्याचे ठाणे असलेले कोरेगाव मात्र एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ग्रामपंचायतच होते. तिथे नगरपंचायत त्यानंतर झाली. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे 'लहान' गावाला पालिका आणि त्याच्या 'वरच्या' गावाला ग्रामपंचायत! वरचा आणि खालचा हे शब्द महसुलाच्या शिडीतले आहेत. पालिकेची शिडी निराळी. २०११च्या जनगणनेत सतरा हजारांच्या आसपास वस्ती असलेले रहिमतपूर या दुसऱ्या शिडीवर 'क' वर्ग नगरपरिषद म्हणून उभे आहे.

शब्दांचा प्रवास

ही सगळी परिभाषा कुठून आली? 'जिल्हा' अरबीतून आला. मूळ अर्थ बरगडी, बाजू. 'तालुका' हा 'तअल्लुक' म्हणजे संबंध या शब्दापासून. 'मौजे' म्हणजे जागा. हेच शब्द आणि त्यांचे भाऊबंद मध्य आशियातही पोहोचले आणि तिथे वेगळ्या कामाला लागले. आपण इंग्लंडला 'विलायत' म्हणत आलो. उझबेकिस्तानात 'विलोयत' म्हणजे साधा प्रांत. ताजिकिस्तानात तालुक्यासारख्या घटकाला 'नोहिया' म्हणतात आणि नोहियाच्या पोटात असते 'जमोअत'. आपली जमात आणि ही जमोअत एकाच मुळाच्या. एका जमोअतीत अनेक खेडी येतात, म्हणजे ती आपल्या ग्रुप ग्रामपंचायतीची दूरची बहीण म्हणायला हरकत नाही.

तिथल्या खेड्याचा शब्द फार बोलका आहे. 'किश्लाक' या शब्दात 'किश' म्हणजे हिवाळा. कळप घेऊन फिरणाऱ्या लोकांचा हिवाळी मुक्काम तो किश्लाक. शेजारच्या किरगिझस्तानात खेड्याला 'आयिल' म्हणतात, त्याचाही जुना अर्थ तंबूंचा तळ असाच. आपल्याकडे गाव ठरले जमिनीच्या शिवेवरून, तिकडे माणसे कुठे थांबत यावरून. सोव्हिएत काळात या फिरत्या तळांना स्थिर खेड्यांत बसवले गेले आणि त्यांच्यावर नकाशाच्या रेषा आखल्या गेल्या. तेव्हा त्या एकाच देशातल्या अंतर्गत रेषा होत्या. १९९१ साली तो देश राहिला नाही आणि तालुका-जिल्ह्याच्या रेषा एका रात्रीत आंतरराष्ट्रीय सरहद्दी झाल्या. ताजिकिस्तानची वोरुख ही जमोअत तर चहूबाजूंनी किरगिझ प्रदेशाने वेढलेली आहे. याच टापूत इस्फरा नदीच्या पाणीवाटपाच्या ठिकाणावरून एप्रिल २०२१ मध्ये चकमक उडाली, सप्टेंबर २०२२ मध्ये त्याहून मोठी. पुष्कळ माणसे मेली. सीमेचा करार व्हायला १३ मार्च २०२५ उजाडावे लागले.

हे वाचून आपण सुटकेचा निःश्वास टाकण्याआधी रहिमतपूरच्या पूर्वेकडे पाहावे. तिथे औंध आहे. पंतप्रतिनिधींचे हे संस्थान बहात्तर गावांचे, पण ती गावे एका जागी नव्हती. औंध, कुंडल, आटपाडी आणि गुणदाळ अशा चार तालुक्यांचे विखुरलेले तुकडे, आणि मध्ये इंग्रजी मुलूख किंवा दुसरी संस्थाने. एकाच राजाच्या दोन गावांत जायला परक्या राज्यातून जावे लागे. या तुकड्यातुकड्यांच्या संस्थानातच १९३९ साली ग्रामपंचायतींना पाया मानणारी राज्यघटना अमलात आली, हे विशेष. पंचायत ही शिवेच्या आतली गोष्ट असल्याने संस्थान सलग नसले तरी तिचे अडत नव्हते, असे आम्हाला वाटते.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले. त्यांतल्या दक्षिण साताऱ्याला २१ नोव्हेंबर १९६० रोजी सांगली हे नाव मिळाले. आज औंध सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे, कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात, आणि गुणदाळ कर्नाटकात. एका संस्थानाची दोन राज्ये झाली, पण वोरुखसारखे कुठे झाले नाही, कारण या रेषांच्या वर देश एकच राहिला. सीमाप्रश्नात महाराष्ट्र 'खेडे हा घटक' धरा असे का म्हणत आला, तेही या उदाहरणावरून वर्गात समजावता येईल. तालुका हा घटक धरला की कडेची गावे आपोआप एका बाजूला ढकलली जातात.

मत, पत्र, पाणी

आता मतदारसंघ. आमदारकीच्या रेषेचे काम एकच, लोकसंख्या शक्य तितकी सारखी वाटणे. सध्याची रचना २००८ची, २००१च्या जनगणनेवर आधारलेली. तेव्हा राज्याची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख आणि जागा २८८. भागाकार मुलांकडून करून घ्यावा, उत्तर ३ लाख ३६ हजारांच्या आसपास येते. कोरेगाव तालुका अडीच लाखांच्या घरातला. एकट्याचा मतदारसंघ होत नाही म्हणून त्याला शेजारचे तुकडे जोडायचे. पण शेजारच्यांनाही तुकडे हवेत. म्हणून तालुक्याचा वाठार स्टेशनकडचा भाग फलटण मतदारसंघाला गेला, रहिमतपूर आणि वाठार किरोलीकडचा कराड उत्तरला, आणि उरलेल्या कोरेगावात सातारा व खटाव तालुक्यांतली गावे आली. फलटण विधानसभा मतदारसंघ माढा लोकसभा मतदारसंघात मोडतो. माढा सोलापूर जिल्ह्यात! एकाच तालुक्यातल्या दोन मावसबहिणी दोन खासदार निवडतात.

टपाल खात्याला लोकसंख्येशी देणे-घेणे नाही, त्याला पत्र कोणत्या वाटेने जाते ते महत्त्वाचे. १५ ऑगस्ट १९७२ पासून आलेल्या पिनकोडात पहिले तीन आकडे छाननीच्या केंद्राचा टापू सांगतात. सातारा जिल्ह्याचा ४१५. पण सांगली जिल्ह्यातले विटे ४१५ मध्येच, आणि सह्याद्री ओलांडून पलीकडची रत्नागिरीसुद्धा ४१५ मध्येच.

सर्वांत हट्टी रेषा पाण्याची. ती कोणत्याही अधिसूचनेने बदलत नाही. सातारा जिल्ह्यावर पडलेला पाऊस महादेव डोंगराच्या रांगांनी वाटला जातो. कोरेगावचा कृष्णेला, खटावचा येरळेला, माणचा माणगंगेला, फलटणचा नीरेला. भूजलाचा हिशेब ठेवणारे राज्याचे खाते म्हणूनच गावावर किंवा तालुक्यावर थांबत नाही. त्याने महाराष्ट्राचे पंधराशेहून अधिक पाणलोट पाडले आहेत आणि विहिरींच्या पाण्याचा अंदाज त्या पाणलोटावर बांधला जातो. रहिमतपूरजवळच्या वेळू गावाने २०१६ साली पहिल्या 'वॉटर कप' स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. त्या वर्षी स्पर्धा कोरेगाव, वरुड आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत होती. बक्षीस गावाला मिळाले. पण चरात मुरलेले पाणी शीव पाहून थांबत नाही. उताराच्या खालच्या गावाच्या विहिरीलाही त्यातले काही मिळते, आणि वरच्या गावाने काम केले नाही तर खालच्याने कितीही खणले तरी अपुरे पडते.

पावसाच्या सरासरीबाबत तर फारच जपून राहावे. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. यांची 'जिल्ह्याची सरासरी' काढली तर येणारा आकडा बहुतेक गावांच्या कामाचा नसतो. म्हणून मोजणी खाली सरकत गेली आणि आता मंडल हा घटक आहे. राज्यभर दोन हजारांवर मंडलांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. पण मंडलातही वीस-पंचवीस गावे असू शकतात. यंत्र ज्या गावात, तिथे वळीव कोसळला आणि आपल्या शिवारात थेंब नाही, तरी कागदावर पाऊस झालेला असतो. पैसेवारी तर गाववार ठरते. पीक पन्नास पैशांच्या खाली की वर यावर सवलती अवलंबून असत. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांत शीव गेली, तर सारखेच वाळलेले पीक एका बाजूला दुष्काळी आणि दुसऱ्या बाजूला नाही, असे होऊ शकते. २०१६ साली केंद्र सरकारची दुष्काळ संहिता आली. तेव्हापासून दुष्काळ ठरवताना तालुका हा घटक आणि पाऊस, ओलावा, उपग्रहाने टिपलेली हिरवाई हे निकष धरतात. पैसेवारी अजून जाहीर होते, आणि शेतकरी अजून तिचीच वाट पाहतो.

वाडी आणि शाळा

वाडीची गोष्ट अर्धी राहिली आहे. वाडीला महसुली गावाचा दर्जा हवा असेल तर राजपत्रात अधिसूचना निघावी लागते, मूळ गावातले गट वाटून घ्यावे लागतात, नवा नकाशा आणि नवे दप्तर करावे लागते. घरांवरून कधी वाद होत नाही. गायरान कोणाकडे जाणार यावरून होतो. म्हणून हे काम वर्षानुवर्षे रेंगाळते.

पण सगळ्याच सोयींसाठी महसुली दर्जा लागत नाही, हे वाडीतल्या पालकांना बहुधा कोणी सांगितलेले नसते. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा घटक महसुली गाव नसून वस्ती हा होता. सपाटीवर पाचशे आणि डोंगरी भागात अडीचशे लोकसंख्येची. शिक्षणहक्क कायद्याच्या राज्यातील नियमांतही वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक आणि तीन किलोमीटरच्या आत उच्च प्राथमिक शाळा असे अंतर आहे. मोजायचे ते वाडीपासून, गावठाणापासून नव्हे. मध्ये ओढा असेल तर पावसाळ्यात ते अंतर किती होते, हेही शिक्षकाने मोजून ठेवलेले बरे.

शाळेच्या फलकावरचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक याच सगळ्याचा सारांश आहे. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, साताऱ्याचा ३१. मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. मुलांनी रोज पाहिलेला हा क्रमांक त्यांच्याकडून फोडून घ्यावा आणि शेजारच्या शाळेच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. नऊ आकडे सारखे आले तर दोन्ही शाळा शासनाच्या यादीत एकाच गावच्या. वाडीतली मुले इथे हमखास विचारतात, 'मग आमचे तीन आकडे कुठे आहेत?'

त्यानंतर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा नकाशा आणावा आणि त्यावर बटर पेपर ठेवून रेषा काढाव्यात. एका कागदावर शीव आणि वाड्या, दुसऱ्यावर ग्रामपंचायतीचे प्रभाग, तिसऱ्यावर कोणती घरे कोणत्या मतदान केंद्रावर जातात ते, चौथ्यावर पोस्टमनची वाट. पाचवा कागद ओढ्यानाल्यांचा. तो वर्गात बसून काढता येत नाही, त्यासाठी पहिल्या मोठ्या पावसानंतर मुलांना घेऊन शिवेपर्यंत चालत जावे लागते. पाणी कुठून गावात शिरते आणि कोणाच्या हद्दीत निघून जाते ते तिथेच दिसते.